नागपुरात रिसेलचा फ्लॅट: घेणाऱ्याची आणि विकणाऱ्याची तयारी

बेसा, मनीषनगर, हुडकेश्वर, गोधनी या बाजूंना नव्या फ्लॅट स्कीमचे फलक हवे तेवढे दिसतात. पण धरमपेठ, लक्ष्मीनगर, बजाजनगर, प्रतापनगर अशा बसलेल्या वस्त्यांत लिफ्ट असलेला, खाली गाडीची जागा असलेला आणि कागद स्वच्छ असलेला तयार फ्लॅट शोधायला गेलं की दोन-चारच हाती लागतात. त्यातला बरा निघाला तर तो जाहिरातीपर्यंत पोचतच नाही. शेजाऱ्याच्या मेहुण्याला कळतं, त्या भागातल्या ब्रोकरच्या वहीतल्या पहिल्या दोन-तीन नावांना फोन जातो आणि आठ-दहा दिवसांत बयाणा होऊन जातो. घर पसंत पडल्यावर बँकेत चौकशीला जाणारा अशा बाजारात मागेच राहतो. विकणाऱ्याचं उलट होतं: गिऱ्हाईक आठवड्यात मिळतं आणि मग एका कागदापायी सौदा चार-सहा महिने लोंबकळतो. दोघांचीही खरी कामं सौद्याच्या आधीची आहेत. खालचं सगळं रिसेलच्या फ्लॅटबद्दल आहे; बिल्डरकडून नवं घेताना महारेराची (बांधकाम प्रकल्पांवरच्या राज्याच्या नियामक प्राधिकरणाची) नोंदणी, करारनामा ही वाट वेगळी.

आधी पैशाचं गणित

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार गृहकर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के ही कमाल मर्यादा आहे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी या किमतीत धरत नाहीत, ती खिशातूनच जाते.

६० लाखांचा फ्लॅट घ्या. कर्ज ४८ लाख, स्वतःचे १२. नागपूर शहरात मुद्रांक शुल्क ५ टक्के मूळ आणि वरचे अधिभार मिळून सात टक्क्यांच्या घरात जातं. नेमका आकडा त्या दिवशी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर काढून बघा. सात धरले तर ४ लाख २० हजार. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार, म्हणजे ३० हजार. ब्रोकरचा एक टक्का ६० हजार. वकील, बँकेची प्रोसेसिंग फी, गहाणाच्या नोंदीचा खर्च, नाव बदलण्याची कामं यांना मिळून ८०-९० हजार बाजूला ठेवा. स्वतःचे १८ लाख मोकळे हवेत. बाराच्या हिशेबाने निघालेला माणूस बयाणा देऊन बसतो आणि मग सोनं गहाण ठेवायला पळतो.

याच गणितात आणखी एक खाच आहे. बँक कर्ज देते ती स्वतःच्या व्हॅल्युअरने काढलेल्या किमतीवर किंवा करारातल्या किमतीवर, जी कमी असेल तिच्यावर. घराला चार गिऱ्हाइकं लागली आणि तुम्ही ६० ला हो म्हणालात, व्हॅल्युअरने मात्र ५४ लिहिले, तर कर्ज ४३ लाख २० हजारच होतं. वरचे ४ लाख ८० हजार तुमचेच. चढ्या बाजारात हे नेहमी घडतं, त्यामुळे घराच्या किमतीच्या आठ-दहा टक्के जादा सोय असल्याशिवाय वरची बोली लावू नका.

घर एकट्या बाईच्या किंवा फक्त बायकांच्या नावे घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळते, वरच्या उदाहरणात ६० हजार. नवऱ्याचं नाव जोडलं की सूट गेली. असं घर १५ वर्षं पुरुषाला विकता येणार नाही ही अट २०२३ मध्ये रद्द झाली आहे. बरेच जण अजून तिला घाबरून बसतात.

बँकेचं मंजुरीपत्र हातात घेऊनच घरं बघायला निघा. उत्पन्नावर आधारलेली मंजुरी घराशिवाय मिळते आणि साधारण तीन ते सहा महिने चालते. त्यानंतर फक्त त्या घराची कायदेशीर आणि तांत्रिक तपासणी उरते. कागद धड असले तर ते काम आठवड्या-दोन आठवड्यांत होतं.

घर सापडतं कुठे

वस्ती दोनच निवडा आणि त्या दोन वस्त्यांतल्या चौकाचौकातल्या ब्रोकरांना भेटा. सगळ्या नागपूरचा ब्रोकर असा कोणी नसतो; प्रतापनगरचा माणूस नंदनवनचं घर दाखवतो तेव्हा तो दुसऱ्याकडून आणत असतो आणि दलाली दोघांत वाटली जाते. स्कीमचा चौकीदार, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला आणि अपार्टमेंटचे सचिव यांना कोण पुण्याला मुलाकडे चाललं आहे ते ब्रोकरच्या आधी माहीत असतं. पितृपक्षात बाजार थंड असतो. त्या पंधरवड्याची अडचण नसेल तर घर बघायला आणि भाव बोलायला त्याहून चांगला काळ नाही, कारण दसऱ्याला पुन्हा गर्दी होते.

घर बघताना

पहिली फेरी भर दुपारी करा, उन्हाळ्यात असेल तर दोन-तीनच्या सुमारास. नागपूरच्या मे महिन्यात पश्चिमेची भिंत आणि वरचा स्लॅब काय तापतात ते तेव्हाच कळतं. वरच्या माळ्याचा फ्लॅट असेल तर छताला हात लावून बघा, गच्चीवर वॉटरप्रूफिंग आणि पांढरा लेप आहे का ते पाहा. कुलर कुठे बसतो, त्याच्या पाण्याला नळ आहे का, खिडकी तेवढी मोठी आहे का, हे बघणं वास्तूपेक्षा जास्त कामाचं आहे. (वास्तूचंही विचारा, तुम्ही मानत नसलात तरी उद्या तुमच्याकडून घेणारा मानणारा निघेल, आणि दक्षिणमुखी दारापायी भाव पाडून मागेल.)

टेप बरोबर ठेवा. नागपुरात भाव अजूनही सुपर बिल्ट-अपवर, म्हणजे जिना-लिफ्टसारख्या सामायिक जागेचा वाटा धरून, बोलला जातो. विकणारा म्हणतो ११५० फूट. विक्रीपत्राच्या सूची क्रमांक २ वर (नोंदणीनंतर मिळणारा गोषवारा, इंडेक्स-२) क्षेत्र चौरस मीटरमध्ये असतं: समजा ७२.४६. त्याला १०.७६४ ने गुणा, ७८० चौरस फूट येतात. ६० लाखांना ११५० ने भागलं तर ५,२१७ रुपये फूट, ७८० ने भागलं तर ७,६९२. दोन फ्लॅटची तुलना करायची तर दोन्हीकडे आतलं मोजलेलं क्षेत्रच धरा, नाहीतर स्वस्त वाटलेलं घर महाग पडतं. मोजताना बंद केलेली बाल्कनी वेगळी लिहा. मंजूर नकाशात ती उघडी असेल तर व्हॅल्युअर तिचे पैसे धरणार नाही.

गाडीची जागा बोटाने दाखवायला सांगा. स्टिल्टमधलं, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधलं, पार्किंग स्वतंत्रपणे विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच स्पष्ट केलं आहे. तरी "पार्किंगचे दोन लाख वेगळे" असं ऐकू येतं. आठ फ्लॅट आणि पाचच गाड्यांची जागा असेल तर भांडण तयारच आहे. खालच्या दुकानाचा गाळा नकाशात पार्किंग आहे का तेही बघा.

भिंतींच्या भेगा वाचायला शिका. प्लास्टरच्या केसासारख्या भेगा कुठेही असतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, नाणं आत जाईल एवढी भेग खालच्या माळ्यावर दिसली तर थांबा. शहराच्या बऱ्याच भागात काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाया तिच्याखालच्या मुरुमापर्यंत नेलेला नसेल तर इमारत दरवर्षी हलते. रंगवून बुजवलेली भेग तिरक्या उजेडात, मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून धरला की दिसते. न्हाणीघराच्या मागच्या भिंतीला आणि आलमारीच्या मागे हात लावा.

पाणी: महापालिकेचा नळ किती वेळ येतो, खालचं टाकं किती लिटरचं आहे, बोरिंग मे महिन्यात आटते का. हे मालकाला विचारू नका, पहिल्या माळ्यावरच्या बाईंना विचारा. नाग नदीच्या किंवा एखाद्या नाल्याच्या जवळचं घर असेल तर २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे पाणी कुठपर्यंत आलं होतं ते विचारा. त्या दिवशी अंबाझरी तलाव ओसंडून अंबाझरी ले-आऊट, डागा ले-आऊट, कॉर्पोरेशन कॉलनी भागांत घरांत पाणी शिरलं होतं. लिफ्टचा खड्डा, मीटरचे डबे आणि कंपाउंडच्या भिंतीवरची चिखलाची रेघ अजून साक्ष देतात. मीटरचे डबे नंतर वर हलवलेले असतील तर कारण विचारायचीही गरज नाही.

जमीन कुणाची आहे

नागपुरातले बरेचसे घोळ इथे होतात, म्हणून हा भाग वकिलावर सोडून मोकळे होऊ नका. फ्लॅट बघितल्यावर पहिला प्रश्न: "ही जागा फ्री-होल्ड (पूर्ण मालकीची), लीजची, नझूलची की आरएलची?" मालकाला उत्तर देता आलं नाही तर त्याने फाइलच उघडलेली नाही.

लीजची म्हणजे बहुतेक वेळा नागपूर सुधार प्रन्यासची. प्रन्यास १९३६ पासून आहे आणि तिच्या ले-आऊटमधले अनेक भूखंड ३० वर्षांच्या नूतनीकरण होणाऱ्या भाडेपट्ट्यावर दिलेले आहेत. बघायचं ते तीन ठिकाणी: लीज कधी संपते आणि नूतनीकरण झालं आहे का, वार्षिक भूभाडं कुठपर्यंत भरलं आहे, आणि मधल्या प्रत्येक विक्रीची परवानगी व नामांतर झालं आहे का. तिसऱ्यावर गाडी अडते. १९९५ ला घेतलेल्या माणसाने प्रन्यासमध्ये नाव चढवलंच नाही, २००९ ला पुढच्यालाही विकलं, आणि आता तुम्ही तिसरे. प्रन्यासच्या वहीत अजून पहिलाच मालक आहे. हे सुटतं, पण डिमांड (भरायच्या रकमेची नोटीस) निघून ती भरून नाव चढेपर्यंत महिने जातात, आणि तोपर्यंत बँक पैसे सोडत नाही.

नझूल म्हणजे सरकारी जागेचा पट्टा. धंतोली, सिव्हिल लाइन्स, सीताबर्डीसारख्या जुन्या भागांत हे सापडतं. इथेही पट्ट्याची मुदत, नूतनीकरण आणि शर्तभंगाची नोटीस आहे का हे बघायचं. आखीव पत्रिकेवर (शहरातल्या जागेचं प्रॉपर्टी कार्ड) सत्ताप्रकार, म्हणजे जागा कोणत्या हक्काने आहे ते, लिहिलेला असतो, तोच आधी वाचा. निवासी पट्टे फ्री-होल्ड करून घेण्यासाठी शासनाच्या योजना येत असतात. मालकाने अर्ज केला असेल तर अर्जाची पोच पुरेशी नाही, आदेशाची प्रत हवी.

आरएल हा नागपूरचा खास शब्द. शेतजमिनीवर मंजुरीविना पाडलेले ले-आऊट महाराष्ट्र गुंठेवारी कायदा, २००१ खाली नियमित करताना डिमांड भरल्यावर जे पत्र मिळतं ते आरएल (रेग्युलरायझेशन लेटर). ५७२ आणि १९०० ले-आऊट (नियमित करायला घेतलेल्या ले-आऊटच्या संख्येवरून पडलेली नावं) हे शब्द याच संदर्भात कानावर येतील. आरएल हातात आहे, त्यावर भूखंडाचा नंबर आणि मौजा-खसरा (गाव आणि जमिनीचा क्रमांक) विक्रीपत्राशी जुळतो, विकासशुल्काची पावती पूर्ण आहे, आणि आरएलनंतर नकाशा मंजूर होऊन इमारत बांधली, या क्रमाने कागद असले तर घ्यायला हरकत नाही. "डिमांड भरली आहे, आरएल निघतंच आहे" याचा अर्थ आरएल नाही. मोठ्या बँका तिथे हात लावत नाहीत, आणि ज्या वित्तसंस्था लावतात त्या व्याज जास्त घेतात.

भूखंड मुळात भोगवटादार वर्ग २ चा (हस्तांतरावर सरकारी बंधन असलेला) किंवा आदिवासी खातेदाराचा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीची प्रत पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. सातबारावर हे लिहिलेलं असतं.

नागपुरातल्या बहुतेक स्कीम सहकारी सोसायटी नसून महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा, १९७० खालच्या आहेत. म्हणजे फ्लॅटबरोबर जमिनीतला अविभक्त हिस्साही तुमच्या नावे होतो. तो हिस्सा विक्रीपत्रात आकड्याने लिहिलेला असतो, आणि जुन्या स्कीममध्ये खरी किंमत त्याचीच असते. ५,००० फुटांच्या भूखंडावर सारखे आठ फ्लॅट असतील तर प्रत्येकाला ६२५ फूट यायला हवेत. विक्रीपत्रात ४८० लिहिले असतील तर उरलेले बिल्डरने स्वतःकडे ठेवलेत, आणि उद्या इमारत पाडून नवी बांधायची वेळ आली की तो किंवा त्याचा मुलगा टेबलावर येऊन बसेल. गच्ची कुणाला विकल्याचं स्कीमच्या नोंदवलेल्या घोषणापत्रात (डीड ऑफ डिक्लरेशन) लिहिलंय का, तेही त्याच बैठकीत पाहून घ्या.

बाकीची फाइल

मूळ विक्रीपत्र आणि त्याआधीची साखळी, ३० वर्षांच्या दस्तांचा शोध अहवाल (सर्च रिपोर्ट), मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, आखीव पत्रिका, मालमत्ता कराची आणि पाण्याची चालू पावती, वीजबिल, अपार्टमेंटचं ना हरकत पत्र. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर घरबसल्या जुने दस्त बघता येतात, पण जुन्या वर्षांसाठी वकिलाला निबंधक कार्यालयात पाठवावंच लागतं. वकील तुमचा असावा, ब्रोकरने "आपलाच माणूस आहे" म्हणून दिलेला नको.

मालक वारला असेल तर सगळे वारस सही करणार का हे पहिल्या भेटीतच विचारा, लग्न झालेल्या मुलींसकट. हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित मालमत्तेतही मुलींचा हक्क २००५ पासून मुलांइतकाच आहे. "ताईचं काही म्हणणं नाही" यावर बयाणा देऊ नका. नोंदवलेलं हक्कसोडपत्र हवं, नाहीतर ताई विक्रीपत्रावर सही करायला येणार हवी. कुणी परदेशात असेल तर तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित झालेलं मुखत्यारपत्र इथे आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्यावं लागतं. फक्त मुखत्यारपत्रावर घर "विकत" घेतलेल्या माणसाकडून घेऊ नका. त्याने मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलं आहे.

मराठी वर्तमानपत्रात जाहीर सूचना देऊन हरकतींसाठी सात ते पंधरा दिवस द्या. घाईत लोक हीच पायरी गाळतात.

बोली आणि बयाणा

चार गिऱ्हाइकं असतील तर भावाआधी तारखा द्या. मंजुरीपत्राची प्रत, "हरकतींची मुदत संपल्यावर २० दिवसांत रजिस्ट्री", आणि मुलांची परीक्षा होईपर्यंत राहू देण्याची तयारी या तीन गोष्टी पन्नास हजार वाढवून मागणाऱ्यापुढे बहुधा जिंकतात. विकणाऱ्याला सौदा मोडण्याची भीती भावापेक्षा मोठी असते.

बयाणा दोन टप्प्यांत द्या. पहिला लहान, २१ किंवा ५१ हजार, फक्त घर बाजारातून काढण्यापुरता, आणि त्याबरोबर एका पानाची सौदाचिठ्ठी. फाइल वकिलाने बघितल्यावर दुसरा, एकूण किमतीच्या दहा टक्क्यांपर्यंत. सौदाचिठ्ठीत ठरलेली किंमत, विकणाऱ्या सगळ्यांची नावं आणि सह्या, रजिस्ट्रीची तारीख, कब्जाची तारीख, त्या तारखेपर्यंतचे कर-बिलं कोण भरणार, लीज किंवा नामांतराची डिमांड कोण भरणार आणि घरात काय सोडून जाणार (पंखे, गीझर, मॉड्युलर किचन, इन्व्हर्टर) ते सगळं उतरवा. मालकीत दोष निघाला किंवा बँकेने या घराच्या कागदांमुळे कर्ज नाकारलं तर पूर्ण बयाणा इतक्या दिवसांत परत, हे वाक्य नसेल तर सही करू नका. करारातच कब्जा दिल्याचं लिहिलं तर तिथेच पूर्ण मुद्रांक शुल्क लागतं, म्हणून तो शब्द जपून वापरा.

२० हजार किंवा त्याहून जास्त रोख बयाणा घेणं आयकर कायद्यात बसत नाही. ती रोख स्वीकारणाऱ्या विकणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. काही रक्कम कागदावर न दाखवण्याचा प्रस्ताव आला तर एवढं लक्षात घ्या: तुमचं कर्ज तेवढ्याने कमी होतं, उद्या विकताना तुमचा नफा तेवढ्याने जास्त दिसतो आणि सौदा मोडला तर ती रोख परत मागायला पुरावा राहत नाही. करारातली किंमत रेडी रेकनरच्या (सरकारी दरतक्त्याच्या) मूल्यापेक्षा खूप खाली गेली तरी फायदा नाही. शुल्क जास्तीच्या आकड्यावरच लागतं. फरक १० टक्क्यांपेक्षा मोठा झाला तर विकणाऱ्याचा नफा रेडी रेकनरने मोजतात आणि घेणाऱ्याच्या उत्पन्नात फरक धरतात. ७० लाख मूल्याचं घर ६० ला दाखवलं तर वरचे १० लाख तुमचं करपात्र उत्पन्न होतं.

व्यवहार ५० लाख किंवा वरचा असेल तर घेणाऱ्याने प्रत्येक हप्त्यातून १ टक्का टीडीएस कापून, तो महिना संपल्यापासून ३० दिवसांत भरायचा. ६० लाखांवर ६० हजार. हे किमतीतलेच पैसे, वरचे नाहीत. विकणारा अनिवासी असेल तर ५० लाखांची मर्यादा लागत नाही आणि दर कितीतरी जास्त असतो. तिथे सनदी लेखापालाशिवाय एक रुपया देऊ नका.

विकणाऱ्याने

पाटी लावायच्या दोन महिने आधी फाइल उघडा. वर घेणाऱ्याला जे तपासायला सांगितलं तेच स्वतः तपासा. लीजचं नूतनीकरण, प्रन्यासचं नामांतर, आखीव पत्रिकेवरचं नाव, वारलेल्या वडिलांचं नाव कमी करणं, ही कामं तुमच्या वेळेने होतात. बयाणा घेतल्यावर ती घेणाऱ्याच्या तारखेने करावी लागतात आणि टेबलावरच्या माणसाला तुमची घाई दिसते. मूळ विक्रीपत्र हरवलं असेल तर पोलिसांत नोंद, वर्तमानपत्रात सूचना आणि निबंधकांकडून प्रमाणित प्रत. याला महिनाभर धरा.

भाव ठरवताना पोर्टलवरचे आकडे बघू नका, ते मागणारे आकडे असतात. ई-सर्चवर तुमच्याच स्कीममधल्या किंवा गल्लीतल्या वर्षभरातल्या रजिस्ट्र्या काढा, आतल्या क्षेत्राने भागा, माळा-लिफ्ट-पार्किंगचा फरक लावा. त्याच्या पाच टक्के वर मागितलं तर लोक येतात, वीस टक्के वर मागितलं तर ब्रोकर तुमचा फ्लॅट शेजारचा स्वस्त दाखवण्यापुरता वापरतात. पहिल्या पंधरा दिवसांत कोणी दुसऱ्यांदा बघायला आलं नाही तर भाव चुकला आहे.

ओल आली असेल तर मूळ दुरुस्ती करा. नुसता रंग मारलात तर पहिल्या पावसात घेणारा परत दारात उभा. दाखवायची वेळ रविवारी सकाळी नऊ ते बारा एकच ठेवा. लोक एकमेकांना जिन्यात भेटले की घासाघीस आपोआप कमी होते.

बयाणा एकाचाच घ्या. दुसऱ्याने दोन लाख वाढवून दिले म्हणून पहिल्याला फिरवलं, तर तो कोर्टात जाऊन विक्रीपत्रच करून मागू शकतो. २०१८ च्या दुरुस्तीनंतर नुसती नुकसानभरपाई देऊन सुटणं अवघड झालं आहे, आणि दावा लागलेलं घर मग कोणीच घेत नाही.

घरावर तुमचं कर्ज चालू असेल तर क्रम असा: बँकेकडून कर्ज फेडीचं पत्र आणि तिच्याकडच्या कागदांची यादी घ्या, ती घेणाऱ्याच्या बँकेला द्या, घेणाऱ्याची बँक तुमच्या कर्जखात्याच्या नावे डिमांड ड्राफ्ट देते, उरलेली रक्कम तुम्हाला. फेडीच्या पत्रावर तारीख असते आणि रोजचं व्याज असतं. ड्राफ्ट तीन दिवस उशिरा पोचला की खातं काही शे-हजार रुपयांनी उघडं राहतं आणि कागद सुटत नाहीत, म्हणून थोडी जादा रक्कम त्या खात्यात आधीच ठेवा. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद द्यायचे, उशिराला रोज ५,००० रुपये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पूर्वी कधी फेडलेल्या कर्जाचा बोजा आखीव पत्रिकेवर राहून गेलेला असतो. तो आताच कमी करून घ्या.

आधी विकायचं की आधी घ्यायचं

घरं कमी असलेल्या बाजारात विकणं सोपं आणि मिळणं अवघड. म्हणून विकण्याचा सौदा करा, पण रजिस्ट्रीला ७५-९० दिवस मागून घ्या आणि त्या काळात घर शोधा. रजिस्ट्रीनंतर महिनाभर राहायचं असेल तर तोंडी ठेवू नका: लेखी भाडेकरार, ठरलेलं भाडं, आणि घेणाऱ्याने दोन-तीन लाख कब्जा मिळेपर्यंत रोखून धरायचे. दोघांचीही झोप नीट लागते.

घर २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ तुमच्याकडे असेल तर नफ्यावर १२.५ टक्के दराने कर लागतो, महागाई निर्देशांकाशिवाय. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं असेल तर निवासी व्यक्तीला निर्देशांकासह २० टक्क्यांचा पर्यायही आहे. दोन्ही मांडून बघा, जुन्या घराला कधी हा कधी तो कमी पडतो. विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत घर घेतलं, अथवा तीन वर्षांत बांधलं, तर नफा सुटतो. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत घर मिळालं नाही तर रक्कम बचत खात्यात ठेवून भागत नाही, बँकेतल्या भांडवली नफा खात्यात ठेवावी लागते.

रजिस्ट्री आणि नंतर

३१ मार्चच्या आधीचा आठवडा टाळा. १ एप्रिलला रेडी रेकनरचे नवे दर लागतात म्हणून निबंधक कार्यालयात बसायला जागा नसते. शुल्क आणि फी ऑनलाइन चलनाने आधी भरा. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदवता येतो, तरी सही आणि नोंदणी एकाच दिवशी ठेवा. मूळ आधार, पॅन आणि दोन साक्षीदार लागतात. नोंदणीआधी मसुदा दोघांनी मोठ्याने वाचा: नावाचं स्पेलिंग, मौजा, खसरा, प्लॉट नंबर, फ्लॅट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा. प्लॉट नंबरातला एक आकडा चुकला तर चूक दुरुस्तीपत्रासाठी पुन्हा सगळ्यांना तिथे उभं राहावं लागतं, आणि तोवर विकणारा बंगळुरूला गेलेला असतो.

शेवटची रक्कम आरटीजीएसने किंवा ड्राफ्टने, नंबर विक्रीपत्रात लिहून. ड्राफ्ट असेल तर विकणाऱ्याने देणाऱ्या बँकेत फोन करून तो खरा आहे का विचारावं. यात कुणी वाईट वाटून घेऊ नये. अंगठा आणि फोटो झाला की मूळ साखळी कागद यादीवर सही घेऊन घेणाऱ्याच्या हातात.

सूची क्रमांक २ मिळाला की नाव चार ठिकाणी चढवायचं असतं: महापालिकेचा मालमत्ता कर विभाग, नगर भूमापन कार्यालय, लीज असेल तर प्रन्यास किंवा नझूल, आणि अपार्टमेंटची नोंदवही. सहकारी सोसायटी असेल तर हस्तांतर शुल्क २५ हजारांपेक्षा जास्त मागता येत नाही. महावितरणकडे नाव बदलताना विकणाऱ्याची सुरक्षा ठेवही तुमच्या नावे वर्ग करून घ्या, त्याची सही त्याच दिवशी घेऊन ठेवा. कब्जा घेताना वीज आणि पाणी दोन्ही मीटरच्या आकड्यांचा फोटो काढून विकणाऱ्याला पाठवा, म्हणजे पुढच्या बिलातलं कोणाचं किती हे बोलावं लागत नाही.